गिऱ्हाईक अकोल्यात उतरते, पण थांबत का नाही?

लग्नाचा बस्ता घ्यायला राजूरकडचे कुटुंब एस.टी.ने अकोल्यात येते, स्टँडवर चहा घेते आणि पुढच्या गाडीने संगमनेरला निघून जाते. दारावरून गिऱ्हाईक असे जाताना पाहून दुकानदाराचा जीव जळतो. मग दराला, मालाला, नशिबाला दोष दिला जातो. भूगोलवाल्यांनी मात्र याचा हिशेब फार पूर्वीच मांडून ठेवला आहे.

अमेरिकेतील विल्यम रायली यांनी 1931 साली किरकोळ व्यापाराच्या ओढीचा नियम सांगितला. बाजारपेठेची ओढ तिच्या लोकसंख्येप्रमाणे वाढते आणि अंतराच्या वर्गाप्रमाणे घटते. म्हणजे अंतर दुप्पट झाले, तर ओढ निम्मी नव्हे, पाव उरते.

आता आपले गणित करू. अकोल्याहून संगमनेर पूर्वेला सुमारे 22 किलोमीटर, राजूर पश्चिमेला जवळपास तितकेच. संगमनेर अकोल्याच्या चौपट आहे असे धरून चला. तर संगमनेर रस्त्यावर दोन्ही गावांची ओढ सारखी होते ती अकोल्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर. त्यापुढचे गिऱ्हाईक संगमनेरचे. हे कोणालाही पटेल. नवल आहे ते पश्चिमेला. राजूरहून संगमनेरचे अंतर दुप्पट, म्हणून ओढ पाव; पण गाव चौपट, म्हणून दोन्ही पारडी बरोबर! राजूरच्याही पुढे, भंडारदऱ्याकडे जावे तसे पारडे संगमनेरकडेच झुकते. ज्याने घर सोडून अर्धा दिवस घातलाच, त्याला आणखी 22 किलोमीटर जड वाटत नाहीत. आपण ज्याला हक्काचा मुलूख समजतो, तो एवढा हक्काचा नाही.

अर्थात किलोमीटर हे खरे माप नव्हे. तिकीट, बुडालेली मजुरी आणि परतीची शेवटची गाडी, हे गिऱ्हाइकाचे अंतर. पावसाळ्यात तेच अंतर वाढते.

जर्मनीचे वॉल्टर क्रिस्टॅलर यांनी 1933 साली आणखी एक गोष्ट दाखवली. प्रत्येक मालाला दोन हद्दी असतात: गिऱ्हाईक त्यासाठी किती लांब जाईल, आणि दुकान चालायला किती गिऱ्हाइके लागतील. दोरा, अस्तर, फॉल, टॉवेल यांसाठी कोणी संगमनेर गाठत नाही. बस्ता आयुष्यात मोजक्या वेळा होतो. त्यासाठी दहा दुकाने पाहायची असतात, आणि दहा दुकाने मोठ्या गावातच असतात.

हे मला कागदावर नव्हे, गोदामात कळले. एका लग्नसराईला मी भारी साड्यांचा माल भरला. निम्मा पडून राहिला, शेवटी खरेदीच्या खाली काढावा लागला. पुढच्या वर्षी तेच भांडवल शाळेच्या गणवेशाच्या कापडात आणि ब्लाउजपीसमध्ये घातले आणि शेजारच्या शिलाईवाल्याशी बोलणी केली. माप द्यायला एक खेप, कपडा न्यायला दुसरी, बाही घट्ट झाली तर तिसरी. इतक्या खेपा संगमनेरला कोण घालणार? बस्ता आजही तिकडेच जातो. त्या साड्यांचे ब्लाउज शिवायला मात्र अकोल्यात येतात.