‘व्हिटॅमिन डी’च्या गोळीने मुलांचा फिटनेस वाढतो का? जाणून घ्या

मूल धावताना लवकर दमते, खेळात मागे पडते म्हणून अनेक पालक ‘व्हिटॅमिन डी’ सुरू करतात. पण त्याने ताकद वाढते का? मंगोलियातील एका मोठ्या चाचणीत याचे उत्तर मिळते.

चाचणी कशी झाली?
राजधानी उलानबाटारमधील ६ ते १३ वर्षांच्या ८,८५१ शाळकरी मुलांचे दोन गट केले. तीन वर्षे दर आठवड्याला एका गटाला १४,००० आययू ‘डी’, तर दुसऱ्याला औषध नसलेली तशीच गोळी दिली. सुरुवातीला बहुतेकांच्या रक्तात ‘डी’ कमीच होते.

निकाल काय?
गोळीने रक्तातील ‘डी’ वाढले. मात्र हाताच्या पकडीची ताकद, जागेवरून लांब उडी आणि काही निवडक मुलांची २० मीटर शटल रन, यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

मग ‘डी’ नकोच का?
तसे नाही. कॅल्शियम शोषण्यासाठी ते लागतेच. तीव्र कमतरतेमुळे मुडदूस होतो. भारतात २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलांत ‘डी’ कमी आढळले.

पालकांनी काय करावे?
• ६०,००० आययूचे सॅशे मनाने देऊ नका. अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.
• मूल सतत दमत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कारण ॲनिमियाही असू शकते.
• दमसास मैदानावरच वाढतो. मुलांना रोज किमान तासभर खेळू द्या.