तलफ आली की तिच्याकडे बघायचं कसं

दसरा-दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. फडात पहाटेच कोयता चालू होतो आणि खिशात तंबाखू-चुना असतोच. भूक मारायला, झोप उडवायला. कित्येक बायका सकाळी मिश्री लावतात, त्याशिवाय पोट साफ होत नाही असं त्यांना मनापासून वाटतं. गाय छाप जर्दाही याच जिल्ह्यातल्या संगमनेरचा. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले साधारण चारात एक प्रौढ बिनधुराची तंबाखू घेणारे निघाले.

चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन गालाच्या अस्तरातून झटकन रक्तात उतरतं. मेंदूत डोपामिन सुटतं, जरा बरं वाटतं. दोनेक तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, चिडचिड सुरू होते आणि पुढचा बार ती थांबवतो. म्हणजे जी अस्वस्थता तंबाखूनं जाते, ती बरीचशी तंबाखूनंच आणलेली असते. मेंदू मात्र एवढंच शिकतो की कसंतरी झालं की पुडी काढायची. मग चहा झाला, जेवण झालं, की हात आपोआप खिशात जातो. तंबाखू सोडायची शपथ घेताना आपलं लक्ष असतं, बार भरताना नसतं. शपथा मोडतात त्या इथे, असं मला वाटतं.

सजगतेचं, म्हणजे जे घडतंय ते लक्ष देऊन बघण्याचं, काम याच जागी आहे. गुटख्याची पुडी फाडून तोंडात रिकामी करायला क्षणही लागत नाही, तंबाखू मळायला मात्र वेळ लागतो. तो वेळ वापरा. सुरुवातीला सोडूही नका, फक्त बघत मळा. तळहातावरची चिमूट, नखावरचा चुना, अंगठ्याचा दाब, वेचून टाकलेल्या काड्या, थापटल्यावर नाकात जाणारी भुकटी. बार ओठाखाली गेला की ती जळजळ, ती कडवट लाळ नीट अनुभवा. खरंच किती सुख मिळालं आणि किती वेळ टिकलं, हे स्वतःलाच विचारा.

काही दिवसांनी तलफ आली की मळू नका, तिच्याकडेच बघा. जबडा आवळलाय का? घशाशी काही दाटलंय? बोटं चाळवतायत? मनात म्हणा, ‘तलफ आली’, आणि श्वास येऊ-जाऊ द्या. तिला हाकलायचं नाही. हाकलायला गेलं की तोच विचार डोक्यात घोळतो. पुरवली नाही तरी ती काही मिनिटांत चढते आणि उतरते. अॅलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं याला लाटेवर स्वार होणं म्हटलं.

सगळ्यात अवघड असतो तो शेजाऱ्यानं पुढे केलेला तळहात. तिथे नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हटल्यासारखं वाटतं. हा संकोचही तलफेसारखाच शरीरात जाणवतो, त्याच्याकडेही तसंच बघता येतं. सोबत्यांना आधीच सांगून ठेवलं तर निम्मं ओझं उतरतं.

२०११ मध्ये अमेरिकेत ८८ धूम्रपान करणाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सजगता शिकलेल्यांपैकी ३१ टक्के लोक १७ आठवड्यांनंतरही सिगारेटपासून दूर होते, नेहमीच्या कार्यक्रमातले ६ टक्के. पण २०२२ च्या मोठ्या आढाव्यात असा स्पष्ट फायदा दिसला नाही. म्हणून एकट्या सजगतेवर भार टाकू नका. पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं निकोटिनची गोळी किंवा च्युइंगम घेता येतं. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवडे राहिला, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर थेट दवाखाना गाठा.