वावधान आणि वावटळ

चैत्र-वैशाखात पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात पडक्या कैरीच्या राशी दिसू लागल्या की, माल उतरविणारा शेतकरी ‘वारं-वावधान सुटलं’ एवढेच सांगतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा शब्द नीट ओळखावा. तापलेल्या भुईवरून उठून धूळपाचोळा गरगर फिरविते ती वावटळ. तिचा पल्ला लहान, आयुष्य काही मिनिटांचे. वावधान निराळे. वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चोहीकडे पसरते. तोच हा सोसाटा. कोशकार हा भेद मानोत वा न मानोत, शेताला तो कळतो. नोंदवहीत दोहोंस सरसकट ‘वादळ’ लिहिल्यास किती शिवार सापडले याचा अंदाज चुकतो. पडलेले फळ दबते, अढीत सडते. ते झाडावरून उतरविलेल्या आंब्यांत मिसळू नये, लोणच्यासाठी निराळे विकावे. केळीबागेभोवती मात्र शेवरीची दाट ओळ हवी, आणि घड धरलेल्या झाडांस टेकू.