मीन पासष्ट

थांबलेलं हृदय पुन्हा सुरू झाल्यानंतरची पहिली दहा मिनिटं फसवी असतात. छाती दाबून दाबून घामाघूम झालेला ब्रदर बाजूला होतो, जांघेत नाडी चाचपणारा रेसिडेंट "पल्स आहे" म्हणतो आणि कफचं बीपी येतं एकशेऐंशी. खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटतं. पण ते बीपी रुग्णाचं नसतं, ॲड्रिनलिनचं असतं. दर तीन ते पाच मिनिटांनी एकेक मिलिग्रॅम शिरेत गेलेलं असतं. त्याचा जोर ओसरला की आकडा उतरायला लागतो. एकशेचाळीस, एकशेदहा, नव्वद. मी भूलतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावातल्या एका आयसीयूत काम करतो. माझं काम हा उतार लागला की सुरू होतं.

तोपर्यंत मनगटाच्या धमनीत आर्ट लाइन गेलेली बरी. कफ पाच-दहा मिनिटांनी एकदा फुगतो आणि मधल्या वेळात काय झालं ते सांगत नाही. आर्ट लाइन प्रत्येक ठोक्याला सांगते. आयसीयूत वरचं-खालचं बीपी फारसं कुणी विचारत नाही, प्रश्न असतो, "मीन किती?" खालच्या आकड्यात दोघांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की साधारण मीन येतो. १२० वर ८० म्हणजे मीन ९३. मेंदू, मूत्रपिंड अशा अवयवांपर्यंत रक्त पोचवणारा दाब म्हणून आम्ही याच आकड्याकडे बघतो. हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या माणसाचा मीन ६५ च्या खाली जाऊ देऊ नका, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. त्याबरोबर लघवी पुरेशी होते आहे का आणि रक्तातलं लॅक्टेट उतरतं आहे का, हेही बघायला सांगितलं आहे.

आमच्याकडच्या थोरल्या सिस्टर रात्रपाळीला आल्या की आधी मॉनिटर बघत नाहीत, ट्रान्सड्यूसर बघतात. ट्रान्सड्यूसर म्हणजे बोटभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा. धमनीतला दाब नळीतल्या सलाइनमधून त्याच्यापर्यंत येतो आणि तिथे त्याचा विजेचा संकेत होतो. सलाइनच्या पिशवीभोवतीची प्रेशर बॅग ३०० पर्यंत फुगलेली आहे का, नळीत बुडबुडा आहे का, हे त्या बोटाने टिचक्या मारून बघतात. मग फ्लशची शेपटी ओढून सोडतात. पडद्यावर चौकोनी खांब उभा राहतो आणि रेघ एक-दोन हेलकाव्यांत ठिकाणावर आली की त्या मान हलवतात. रेघ लोळत लोळत खाली आली तर नळीत बुडबुडा किंवा गुठळी आहे, आणि पडद्यावरच्या वरच्या-खालच्या आकड्यांत दम नाही.

यानंतर लेव्हल. छातीच्या चौथ्या बरगडीखालची जागा आणि काखेच्या मध्यातून खाली येणारी रेषा जिथे मिळतात, तिथे हृदयाची उंची धरायची. ट्रान्सड्यूसर त्याच उंचीला हवा. गवंडी पाणी भरलेली नळी घेऊन भिंतीची पातळी काढतो, तेच तत्त्व इथे आहे. पलंग वर घेतला आणि स्टँडवरचा ट्रान्सड्यूसर तिथेच राहिला, तर नळीतल्या पाण्याचं वजन आकड्यात मिसळतं. दहा सेंटिमीटरला पाऱ्याचे साधारण साडेसात मिलिमीटर. म्हणजे स्पंजिंगसाठी पलंग वीतभर उचलला की ६० चा मीन ७५ दिसू शकतो आणि बीपी चढवणारं नॉरॲड्रिनलिन, म्हणजे आमचं नॉरॲड, कमी करायला हात पुढे होतो. "सर, पलंग वर गेलाय, लेव्हल करून घेते," हे वाक्य मी या सिस्टरांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की नवीन रेसिडेंटला मी फिजिऑलॉजीच्या आधी तेच शिकवतो.

साडेसात, पंधरा हे आकडे किरकोळ वाटतील. पण जगभरातले अतिदक्षता तज्ज्ञ नेमक्या एवढ्याच फरकावरून वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत.

वादाचं मूळ मेंदूच्या स्वभावात आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव पाचव्या हिश्शाचा ऑक्सिजन खातो आणि साठा जवळजवळ काहीच ठेवत नाही. रक्त थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, चार-पाच मिनिटांत पेशींची इजा सुरू होते. एरवी मेंदू आपल्या धमन्या आवळून-सैल करून बीपीचे चढउतार पचवतो. कोपनहेगनच्या नील्स लासेन यांनी १९५९ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांतल्या सरासऱ्या एका आलेखावर मांडल्या आणि मीन साधारण ६० ते १५० च्या दरम्यान मेंदूचा रक्तपुरवठा सपाट राहतो, असं चित्र पुढे पाठ्यपुस्तकांत रुजलं. हृदय थांबून गेलेल्या माणसात ही सोय बऱ्याचदा बिघडलेली असते. काहींत ती नाहीशी होते, काहींत तिची खालची मर्यादा वर सरकते. शिवाय रक्त परत सुरू झाल्यावर मेंदूला आधी थोडा वेळ भरपूर आणि मग कित्येक तास अपुरं रक्त मिळतं. मग दाब वाढवून रक्त ढकलावं, हा विचार साहजिक होता. वर्षानुवर्षं बीपीची गोळी टाळलेल्या आपल्याकडच्या रुग्णाच्या बाबतीत तर तो आणखीच पटतो.

बेल्जियममध्ये हे करून पाहिलं गेलं. २०१९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात एका गटाचा मीन ८५ ते १०० ठेवला, दुसऱ्याचा ६५. वरच्या गटात मेंदूतल्या ऑक्सिजनचं मोजमाप सुधारलं, एमआरआयवरची इजा मात्र कमी झाली नाही.

मला जास्त आवडतो तो डेन्मार्कचा 'बॉक्स' अभ्यास. कोपनहेगन आणि ओडेन्सच्या दोन रुग्णालयांत तो झाला, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. असल्या अभ्यासात मोठी अडचण अशी की कोणाचं बीपी वर ठेवायचं हे पलंगाशी उभ्या माणसाला ठाऊक असतं, आणि मग त्याचा हात, त्याची आशा, सगळंच त्या बाजूला कलतं. डॅनिश मंडळींनी दाब मोजणारी मॉड्यूलंच मुद्दाम बिघडवली. काही दहा टक्के कमी दाखवणारी, काही दहा टक्के जास्त. सगळ्या पलंगांवर एकच सूचना: मीन ७० ठेवा. सिस्टर आणि डॉक्टर इमानेइतबारे ७० ठेवत होते. त्यातल्या अर्ध्या रुग्णांचं लक्ष्य खरं तर ६३ होतं, अर्ध्यांचं ७७. कोण कुठला, हे पलंगाशी कुणालाच माहीत नव्हतं. एरवी खोट्या आकड्यावर आम्ही संतापतो. इथे पडद्यावरचा आकडा ठरवून खोटा होता, म्हणून तर उत्तरावर विश्वास ठेवता येतो. ७८९ रुग्ण घेतले. तीन महिन्यांच्या आत मृत्यू आला किंवा गंभीर अपंगत्व घेऊन घरी जावं लागलं, असे वरच्या गटात ३४ टक्के, खालच्या गटात ३२ टक्के. फरक नाही, असंच म्हणायचं.

काही सहकाऱ्यांना हा निकाल निराशाजनक वाटला. मला तो मोकळं करणारा वाटतो. आधीच सुस्तावलेल्या हृदयाला दोन-तीन दिवस सावरायला लागतात. वरच्या आकड्याच्या हट्टापायी नॉरॲडचा पंप चढवत नेला की आवळलेल्या धमन्यांविरुद्ध त्यालाच जोर लावावा लागतो, ठोके बेताल व्हायची भीतीही वाढते. ६५ राखायचा, लघवी आणि लॅक्टेट ठीक असेल तर तिथेच थांबायचं, हे आता मी निर्धास्तपणे करतो. अर्थात वाद संपलेला नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'स्टेपकेअर' या बहुदेशीय अभ्यासाने ६५ विरुद्ध ८५ अशी तुलना घेतली, साडेतीन हजार रुग्णांचं उद्दिष्ट ठेवून.

एक मुद्दा मात्र या आकड्यांच्या भांडणात हरवतो. पलंगाचं डोकं आम्ही तीस अंश उचलून ठेवतो. त्यामुळे कान हृदयाच्या वर जातो, तेव्हा हृदयाशी ६५ असलेला मीन मेंदूच्या पायथ्याशी दहा-बारांनी कमी भरतो. म्हणून मेंदूच्या आयसीयूंत कित्येक ठिकाणी ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीला बांधतात. दोन रुग्णालयांतले दोन ६५ एकच असतील असं नाही.

दाबाइतकाच श्वासाचा हिशेब. सीटी स्कॅनला नेताना हाताने श्वास देणारी अँबू बॅग पिळणारा घाबरून भराभर पिळतो, कार्बन डायऑक्साइड खाली जातो आणि मेंदूच्या धमन्या आवळतात. वर आणलेला मीन लिफ्टमध्येच वाया जातो. "हळू पिळ रे" हे लिफ्टमधलं माझं नेहमीचं वाक्य.

बाहेर नातेवाईक. "डॉक्टर, बीपी नॉर्मल आलं म्हणता, मग बाबा डोळे का उघडत नाहीत?" पंचावन्न-साठीच्या एका दुकानदाराच्या मुलाने हे विचारलं होतं. आतला आकडा मेंदूपर्यंत रक्त जायची सोय झाली एवढंच सांगतो. पोचलेल्या रक्ताचं तिथे काय झालं ते सांगत नाही. त्यासाठी थांबावं लागतं. हृदय पुन्हा सुरू होऊन किमान ७२ तास उलटल्याशिवाय आणि झोपेच्या औषधांचा असर उतरल्याशिवाय, तेही बाहुल्यांचा प्रतिसाद, ईईजी, स्कॅन असं सगळं जुळवल्याशिवाय आशा नाही असं म्हणू नये. यकृत-मूत्रपिंड मंदावलेल्या माणसात झोपेचं औषध रेंगाळतं आणि बरा होऊ घातलेला रुग्ण गेल्यासारखा दिसतो. मुलाला मी म्हटलं, "अहो, चार दिवस मला काही विचारू नका. रोज संध्याकाळी मीच येऊन सांगतो."

त्या गृहस्थांनी डोळे उघडले, बोट दाबायला सांगितलं तर दाबलं, पुढे चालत घरी गेले. तपासणीला आले तेव्हा पत्नी सांगत होत्या की जेवण झालं की नाही हे ते तीन-तीनदा विचारतात आणि दुकानाचा हिशेब आता सून बघते. अभ्यासांत मेंदूची अवस्था पाच पायऱ्यांत मोजतात. पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे चांगला निकाल. हे गृहस्थ दुसरीवर बसतात. मी त्यांच्या कागदावर 'दोन' लिहिलं आणि स्मरणशक्तीच्या चाचणीसाठी चिठ्ठी दिली.