खांबाचं खरं काम जमिनीखाली

8 मे 2019 रोजी सकाळी जपानमधल्या ओत्सू शहरात एका पाळणाघराची मुलं फिरायला निघाली होती. दोन-तीन वर्षांची तेरा मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या तीन ताई. शहरी जपानमधल्या पुष्कळ पाळणाघरांचं अंगण टीचभर असतं, कित्येकांना तर नसतंच. त्यामुळे मुलांना रोज बाहेर नेणं हा तिथला दिनक्रमच. बिवा सरोवराजवळच्या एका तिठ्यावर ही मंडळी सिग्नलची वाट पाहत पदपथावर उभी होती, रस्त्याच्या कडेपासून मागे सरकून. जपानमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. उजवीकडे वळणाऱ्या एका मोटारीने समोरून सरळ येणाऱ्या छोट्या मोटारीला धडक दिली आणि ती छोटी मोटार थेट पदपथावर चढली. दोन वर्षांची दोन मुलं गेली.

ताईंचं काय चुकलं? काहीच नाही. वळणाऱ्या चालक महिलेला न्यायालयाने साडेचार वर्षांची शिक्षा दिली. अपघातानंतर आपण सगळेच आधी दोषी शोधतो, आणि शोधायलाच हवा. पण त्या कोपऱ्यावर रस्ता आणि पदपथ यांच्यामध्ये मोटार अडवेल असं काही नव्हतं, ही त्रुटी कोणत्याही आरोपपत्रात मावत नाही. ती अभियंत्याच्या वहीत असते. चालक चुकणार, हे गृहीत धरूनच अभियंता रस्ता आखतो. निदान आखायला हवा.

जपानने त्यानंतर लहान मुलांच्या फिरण्याच्या वाटा देशभर तपासल्या. सुमारे 36 हजार ठिकाणी काहीतरी करायची गरज असल्याचं आढळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘किड्स झोन’ची कल्पना आली: पाळणाघराभोवती साधारण 500 मीटरच्या परिसरात चालकांना सावध करायचं, डांबरावर ठळक अक्षरं रंगवायची. रंगाने सावध चालक आणखी सावध होतो. ताबा सुटलेल्या मोटारीला तो दिसतही नाही. म्हणून महत्त्वाचा भाग होता तो कोपऱ्यांवर बसवलेल्या लोखंडी कठड्यांचा आणि खांबांचा.

मोटार पाळणाघराच्या आतच घुसल्याचंही घडलं आहे. 9 एप्रिल 2014 रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या ओरलँडोजवळ एका गाडीने दुसरीला मागून ठोकलं, आणि ठोकर बसलेली गाडी रस्ता सोडून पाळणाघराची भिंत फोडून आत गेली. चार वर्षांची एक मुलगी दगावली, डझनाहून अधिक जण जखमी झाले. पुढे तिथल्या ऑरेंज काउंटीने पाळणाघरांसाठी वाहनरोधक अडथळ्यांचा नियमच केला. लंडनच्या विम्बल्डन भागात जुलै 2023 मध्ये एक अवजड मोटार कुंपण तोडून शाळेच्या मैदानात शिरली आणि आठ वर्षांच्या दोन मुलींचा जीव गेला. चालक महिलेला अपस्माराचा झटका आला होता असं सांगून सरकारी वकिलांनी 2024 मध्ये खटला भरायचं नाकारलं. नंतर पोलिसांनी तपास पुन्हा उघडला. निकाल काहीही लागो, कुंपणाच्या ताकदीत त्याने फरक पडत नाही.

गाड्या इमारतींवर आदळतात कशा? अमेरिकेतल्या ‘स्टोअरफ्रंट सेफ्टी काउन्सिल’च्या अंदाजानुसार त्या देशात असे प्रकार दिवसाला शंभरावर होतात. त्यातला मोठा वाटा पार्किंगमधून सुटलेल्या गाड्यांचा, आणि त्यामागे बऱ्याचदा पायाची चूक. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जातो, गाडी उसळते. आपला पाय ब्रेकवरच आहे अशी मेंदूची खात्री असल्यामुळे चालक आणखी जोर लावतो. दुरुस्तीला वेळच मिळत नाही. दुकानाकडे तोंड करून उभी केलेली गाडी जोरात सुटली, तर आठ-नऊ मीटरमध्ये ताशी पंचवीसेक किलोमीटरचा वेग गाठते. अमेरिकेत कित्येक पाळणाघरं दुकानांच्या ओळीतच असतात: समोर काच, काचेपुढे पार्किंग, आणि सकाळी मुलांना सोडायला आलेल्या, घाईत असलेल्या पालकांच्या गाड्या.

क्लच असलेल्या गाडीत अशी चूक झाली तरी डावा पाय क्लचवर गेला की इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. ऑटोमॅटिक गाडीत ही सोय नाही, आणि आपल्या शहरांतही अशा गाड्या वाढत आहेत. जपानने सप्टेंबर 2028 पासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींमध्ये अशी चूक ओळखून गाडी रोखणारी यंत्रणा सक्तीची करायचं ठरवलं आहे. मात्र जुन्या गाड्या त्यानंतरही बरीच वर्षं रस्त्यावर राहतीलच.

तोवर खांब. पुण्या-मुंबईत पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून बसवलेले बोलार्ड आपण रोज पाहतो. दुचाकीस्वाराला खजील करायला ते पुरेसे असतील. मोटार थांबवणारा खांब वेगळा. त्याची चाचणी ‘एएसटीएम एफ 3016’ या अमेरिकी मानकानुसार होते. हे मानक 2014 मध्ये आलं. सुमारे 2,270 किलो वजनाचा, गाडीची जागा घेणारा गाडा ताशी 16, 32 किंवा 48 किलोमीटर वेगाने खांबावर आदळवतात आणि तो खांबापलीकडे किती घुसला ते मोजतात. एक फुटाच्या आत रोखला तर उत्तम श्रेणी; चार फुटांपलीकडे गेला की खांब नापास.

या तीन वेगांत दिसतो त्याहून फार मोठा फरक आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग तिप्पट झाला की ऊर्जा नऊपट होते: 16 किलोमीटरला सुमारे 23 किलोजूल, 48 ला 200 च्या वर. एवढी ऊर्जा चार फुटांत जिरवायची आणि बॉनेट चेपण्यातला अर्धा मीटरही हिशेबात घ्यायचा, तरी खांबावर सरासरी बारा टनांच्या आसपास जोर येतो. तोही जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर, बंपरच्या पातळीला. म्हणजे खांब मुळापाशी उपटला जाऊ पाहतो, आणि खरी लढाई पायात होते.

म्हणूनच वर दिसणारा मीटरभर नळ हा कामाचा लहान भाग. साधारण सहा इंच व्यासाचा जाड पोलादी नळ तीन-चार फूट खोल काँक्रीटच्या पायात गाडलेला असावा लागतो. नळात काँक्रीट भरतात ते मुख्यतः त्याची भिंत आत दबून नळ दुमडू नये म्हणून. खाली पाण्याची किंवा विजेची वाहिनी असली की खोल खणता येत नाही. मग खांब सळयांच्या उथळ पण रुंद जाळ्यात एकमेकांना बांधतात, म्हणजे एकावरचा भार शेजाऱ्यांवर वाटला जातो. तळाला पट्टी लावून चार बोल्टांनी फरशीवर ठोकलेला खांब वरून अगदी तसाच दिसतो, वर पिवळं प्लॅस्टिकचं आवरण चढवलं की जास्तच देखणा. पहिल्या धडकेत बोल्ट निघून येतात.

मातीने भरलेल्या कुंड्यांचंही तसंच. एक टनाची कुंडी भक्कम वाटते. पण ती नुसती ठेवलेली असेल तर फरशीशी होणारं घर्षण अर्ध्या टनाच्या आसपासच विरोध करतं. समोरून बारा टनांचा रेटा असेल तर कुंडीसुद्धा गाडीबरोबर आत येते. पार्किंगमधले चाक अडवणारे बुटके काँक्रीटचे ठोकळेही वेगातली मोटार सहज ओलांडते.

दोन खांबांमधलं अंतर ही वेगळीच कसरत. मोटार शिरू नये म्हणून ते चार-पाच फुटांपेक्षा जास्त नको. व्हीलचेअर आणि बाबागाडी जावी म्हणून तीन फुटांपेक्षा कमी नको. आग लागली तर मुलांना त्याच फटीतून घाईने बाहेर काढायचं असतं, तेव्हा दरवाजासमोर बरोबर मध्ये खांब रोवणाऱ्या ठेकेदाराला वेळीच थांबवावं.

काही बदलांना खणायचीही गरज नसते. गाड्या इमारतीकडे तोंड करून लावण्याऐवजी भिंतीला समांतर लावायला सांगितल्या, तर पायाची चूक झाली तरी गाडी खोलीऐवजी पुढच्या गाडीवर जाते. मुलांची झोपायची खोली रस्त्याकडच्या बाजूची उचलून मागच्या बाजूला नेली, आणि पुढे कार्यालय किंवा सामानाची खोली ठेवली, तर त्याला जेमतेम एक दिवस आणि चार माणसं लागतात.