पहिली साक्षीदार

मग्दालीया मरीया म्हटले की पुष्कळांना पश्चात्तापाने रडणारी पतित बाई आठवते. शुभवर्तमानांत तसे कोठेही लिहिलेले नाही. इ. स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी प्रवचनात एका निनावी पापी स्त्रीशी तिची सांगड घातली, आणि शिक्का बसला. कॅथलिक चर्चने १९६९ साली सणांचे पंचांग सुधारले, तेव्हा कोठे ती सुटली.

लूक सांगतो ते निराळेच. मरीया, योहान्ना, सुसान्ना आदी बाया पदरमोड करून येशूच्या मंडळीचा खर्च चालवीत. क्रुसापाशी त्या थांबल्या. योहानाच्या वृत्तांतात पुनरुत्थित येशू प्रथम मरीयेलाच दिसतो, आणि बांधवांना सांगण्याचा निरोप तिच्यापाशीच देतो. लूक म्हणतो, प्रेषितांना बायांचे ते बोलणे वायफळ वाटले!

आपल्याच जिल्ह्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंनी ही कथा मूळ ग्रीकवरून सोप्या मराठीत आणली. त्या १९२२ साली वारल्या. त्यांचे बायबल १९२४ साली निघाले. छपाईत मुक्तिसदनातल्या बायांचेच हात होते.

जुन्नर-आंबेगावात संपाच्या वेळी भाकऱ्या आणि वर्गणी बायांनीच पोचविली. अहवाल मी लिहिला. नावे मात्र पुढाऱ्यांचीच घातली. मरीयेची गोष्ट वाचताना ती चूक मला टोचते.