एका थरातील वीज आणि चुंबक

लोखंडी खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळून तीतून वीज सोडली की खिळा टाचण्या उचलू लागतो. किलवणीच्या आमच्या शाळेत हा प्रयोग चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, तार न गुंडाळता, नुसत्या विजेच्या दाबाने चुंबक बदलेल काय?" "प्रवाहावाचून ते होणे नाही," असे मी ठामपणे सांगितले. मी कलाशाखेचा पदवीधर. परंतु न जाणता ठामपणे बोलणे हा दोष शाखेचा नव्हे, शिक्षकाचा होय. उत्तर चुकले होते. ती चूक दुरुस्त करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

काही पदार्थांतील अणू सूक्ष्म चुंबकांप्रमाणे असतात. त्या सर्वांनी नियमाने तोंडे वळविली की चुंबकीय क्रम उत्पन्न होतो. दुसऱ्या काही पदार्थांत धन व ऋण भार आपोआप किंचित विलग होतात, आणि बाहेरून विद्युत्क्षेत्र लावून त्यांची दिशा उलटविता येते, हा विद्युत्क्रम. त्याच्या इंग्रजी नावात लोखंडवाचक 'फेरो' हे पद आहे. मात्र १९२० साली हा गुण ज्यात प्रथम दिसला त्या रोशेल क्षारात लोखंड मुळीच नाही! लोहचुंबकाशी असलेल्या साम्यावरून ते नाव पडले. परिभाषा घडविणाऱ्यांनी शब्दापेक्षा अर्थाकडे पाहावे, ते यासाठीच.

हे दोन क्रम परस्परांशी बोलू शकतील, असा तर्क प्येर क्यूरी यांनी १८९४ मध्ये केला. १९६० मध्ये अस्त्रोव्ह यांना क्रोमियम ऑक्साइडात विद्युत्क्षेत्रामुळे किंचित चुंबकत्व उत्पन्न झालेले आढळले. पुढे २००३ मध्ये बिस्मथ फेराइटच्या पातळ पटलावरील गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. रमेश यांच्या गटाच्या त्या निबंधाच्या लेखकांत पुण्यात दीर्घकाळ संशोधन केलेले सतीशचंद्र ओगले आणि बंगळूरचे उमेश वाघमारे हेही होते. या पदार्थात विद्युत्क्रम मुख्यतः बिस्मथ सांभाळतो, तर चुंबकीय क्रम लोखंड. एका घरात दोन कर्ते. साहजिकच त्यांचा मेळ बेताचाच.

एका थराच्या पदार्थांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडविली. एकाच थराच्या मॉलिब्डेनम सल्फाइडाच्या एका रूपात विद्युत्क्रम संभवतो, असे शर्मिला शिरोडकर व वाघमारे यांनी २०१४ मध्ये गणिताने दाखविले. २०२२ मध्ये निकेल आयोडाइडाच्या एकाच थरात दोन्ही क्रम एकत्र असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. तेथील रचना समजण्यास आमच्या भागातील तारपा नाच आठवावा. कमरेत हात गुंफलेल्या त्या रांगेत प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा किंचित वळलेला असतो. निकेलचे सूक्ष्म चुंबकही असेच क्रमाने वळत गेलेले असतात. फरक इतकाच, की तो नाच जागच्या जागी थिजलेला आहे. या वळणातूनच विद्युत्क्रम जन्मतो, आणि वळण डावे की उजवे यावर त्याची दिशा ठरते. येथे कर्ता एकच. म्हणून मेळ जन्मजात.

विजेच्या दाबाने चुंबकीय खुणा लिहिता आल्या, तर प्रवाहाने वाया जाणारी उष्णता वाचेल, ही संशोधकांची आशा. तूर्त अडचण थंडीची आहे: निकेल आयोडाइडाच्या एका थरातील हा क्रम उणे २५२ अंश सेल्सिअसच्या आसपासच विरतो.

त्या विद्यार्थ्यास मी दुसऱ्या आठवड्यात वर्गासमोर सांगितले, "तुझा प्रश्न बरोबर होता, माझे उत्तर नव्हते." वर्ग क्षणभर शांत राहिला आणि मग एकाच वेळी पाच हात वर झाले.